पश्चिम काठाचा रकाना

गुडगाव, १४ जानेवारी १९९७

ती. तात्यासाहेबांस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. पाकीट लहान आहे, कारण तीळ मी स्वतः भाजले आणि अर्धे करपले. काकूंना एवढेच सांगावे, जास्त खुलासा करू नये.

तुम्ही दर पत्रात विचारता म्हणून आधी मोजणीची हकिकत. थंडीतल्या पाणपक्ष्यांची गणना परवा रविवारी झाली. दिल्लीच्या आसपासची तळी आमच्या गटाने आपसात वाटून घेतली आहेत. माझ्याकडे सलग तिसऱ्या वर्षी बडी डाबर होती. इकडचे गावकरी मोठ्या तळ्याला डाबर म्हणतात. ती माझ्या फ्लॅटपासून सात किलोमीटरवर आहे. एका अंगाला मोहरीची शेते आणि दुसऱ्या अंगाला नव्या सोसायट्यांच्या पाट्या. पाटीवर चोवीस तास विजेचे वचन असते आणि पाटीवरचा दिवा बंद असतो.

प्रत्येक तळ्यावर दोन मोजणारे लागतात आणि फॉर्मवर दोघांची सही लागते; त्याची एक प्रत तहसीलमध्ये जाते. माझी नेहमीची जोडीदार साधना तापाने पडली, म्हणून आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गार्ड नरसिंह याला घेऊन गेले. तो निवृत्त हवालदार, आपल्या खटावकडचा, डाबरीच्याच गावात बायकोबरोबर भाड्याने राहतो. पक्ष्यांची त्याला चांगली ओळख आहे, नावे मात्र त्याची स्वतःची. पट्टकादंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, तर तो त्यांना 'नाईक' म्हणतो, कारण पलटणीत नाइकाच्या बाहीवर दोन पट्ट्या असतात. दर दहा पक्ष्यांमागे एक फुटाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकतो. मोजणीनंतर आम्ही सगळे शालिनीताईंकडे जेवायला जमतो. त्या गटाच्या प्रमुख. तिथे मी हे सांगितले तेव्हा मंडळी फार हसली. मध्येच एखादा फुटाणा खाल्ला तर दहा हंस कमी होतात का, असे कोणीतरी विचारले.

आकडे असे: पूर्व काठ ३८६ पक्षी, अकरा जाती. पश्चिम काठ शून्य. धुके दाट होते. तीन वर्षांत एकही रकाना रिकामा न सोडलेली बडी डाबर ही एकच जागा, असे शालिनीताईंनी सर्वांसमोर सांगितले. तुमची जुनी दुर्बीण अजून छान चालते.

कारखान्यात नवे मोजमापयंत्र आले आहे. गिअरच्या दात्यातला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा फरकही ते दाखवते. तपासणी विभागात माझ्या हाताखाली आता सहा जण आहेत.

तब्येतीस जपावे, आणि माझ्यावर नजर ठेवून असावे.
आपली,
वृंदा

---

मिरज, २७ जानेवारी १९९७

चि. वृंदा हीस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोहोचला. करपलेला असला तरी आम्ही गोडच बोलतो आहोत. तुझ्या काकूचे म्हणणे की इंजिनिअरला हजारावा भाग दिसतो पण कढईतला धूर दिसत नाही.

तुझे पत्र नेहमीप्रमाणे वाचनालयाच्या बाकावर मंडळींना वाचून दाखवले. आमच्या बाकावरचे सगळे पेन्शनर दिल्लीच्या बदकांची वाट पाहत असतात. फुटाण्यांची पद्धत सर्वांना पसंत पडली. मी स्वतः पाटबंधारे खात्यात खडे वापरत असे. खडे खाता येत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा.

एक शंका मात्र घरी येऊन मनात राहिली. धुके दाट होते असे लिहितेस आणि पुढे पश्चिमेस शून्य लिहितेस. नदीच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आले ते मी एकोणतीस वर्षे लिहिले. पट्टी दिसली नाही तर त्या तासाला आडवी रेघ मारायची, असा आमचा नियम होता. शून्य म्हणजे नदी कोरडी. तुमच्याकडे नियम वेगळा असेल तर कळव. त्या हवालदारांना पश्चिमेकडे काय दिसले, तेही कळव. त्यांचा आकडा तू दिलेला नाहीस.

दुर्बिणीचा पट्टा जीर्ण झाला असेल, बदलून घे.
वरचेवर लिहीत जावे, हाच आमचा लोभ समजावा.
तात्यासाहेब

---

गुडगाव, ८ फेब्रुवारी १९९७

ती. तात्यासाहेबांस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. पट्टा बदलला.

तुमचा नियम बरोबर आहे आणि आमचाही तोच आहे. पश्चिम काठावर मला पक्षी दिसले नाहीत, म्हणून शून्य लिहिले. काटेकोरपणे पाहिले तर तिथे रेघ हवी होती. पण रेघ असली की त्या जागेची मोजणी अपुरी धरतात आणि ती एकूण तक्त्यातून वगळतात. एका रकान्यासाठी तीन वर्षांचे काम वगळणे योग्य नव्हते. नरसिंहची एजन्सीने मानेसरला एका कारखान्याच्या गेटवर बदली केली आहे, त्यामुळे तो हल्ली भेटत नाही.

इथे थंडी ओसरली. जयंत नावाचा सहकारी नवी गाडी घेऊन रोज सोडतो, त्यामुळे बसचा त्रास वाचतो. तुम्ही विचारण्याआधीच सांगते, तो विवाहित आहे.

काकूंना नमस्कार. या खेपेस एवढ्यावरच आटोपते, राग मानू नये.
वृंदा

---

डाबरखेडा, २ एप्रिल १९९७

वृंदाताईंस हवालदार (रिटायर) नरसिंह याचा रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, मी इकडे खुशाल आहे. मानेसरला बारा तासांची ड्यूटी असते, कंपनीची बस नेते आणि आणते. पार्वती बरी आहे. तिने गावाकडून आणलेल्या कुरडया तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. तुमच्या दारी येऊन बोलणार होतो, पण समोर बोलायला जमले नसते, म्हणून कागद.

रविवारी गावच्या चौपालीवर बैठक झाली. डाबरीच्या पश्चिमेकडे भराव टाकून सोसायटी उठवणार, त्या कंपनीचा माणूस आला होता. तहसीलचे साहेब होते. साहेबांनी विचारले की तिकडे जनावर-पाखरू काही असते का. मी उठून सांगितले की थंडीत तिकडे नाईक उतरतात आणि यंदा मी स्वतः मोजलेत, दोनशे चौदा. तेव्हा कंपनीच्या माणसाने तुमच्या गटाचे छापील पुस्तक काढले. त्यात शून्य होते. मी म्हणालो, छापणाऱ्याची चूक असेल. मग त्याने तहसीलमध्ये दिलेल्या फॉर्मची झेरॉक्स दाखवली. तिथेही शून्य, आणि खाली माझी सही, पलटणीच्या नंबरासकट. साहेबांनी विचारले, ये दस्तखत आपका है? मी हो म्हणालो. सही माझीच आहे.

आता गावची पोरे गल्लीत विचारतात, फौजी, चने खा गये थे क्या. त्याचे काही वाटत नाही. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवले नव्हते, त्याचे वाटते.

तुम्ही तसे लिहिले त्याला काही कारण असेल. त्या दिवशी दिलेली माझी चिठ्ठी तुमच्याकडे आहे. ती कामाची नसेल तर परत द्यावी. पार्वतीला दाखवायची आहे. तिला वाटते, मी त्या दिवशी झोपलो होतो.

लहान तोंडी जास्त लिहिले असल्यास माया पातळ करू नये.
नरसिंह

---

गुडगाव, ९ एप्रिल १९९७

ती. तात्यासाहेबांस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत नरसिंहकाकांच्या पत्राची नक्कल जोडली आहे. आधी ती वाचावी, मग हे.

मी तुम्हाला दोन पत्रांत जे लिहिले ते खोटे नव्हते, पण पुरे नव्हते. आता क्रमाने लिहिते.

१२ जानेवारीला आम्ही पावणेसातला डाबरीवर पोहोचलो. थंडीने नंतर बोटे चालणार नाहीत असे म्हणून मी फॉर्मवर काकांची सही मोजणीआधीच घेतली. त्यांना सहीला वेळ लागतो. नाव, हुद्दा, नंबर, सगळे लिहितात. तेव्हा सगळे रकाने कोरे होते. त्यांनी विचारले की आत्ताच का. मी म्हटले, फॉर्मॅलिटी आहे.

पूर्व काठ नऊपर्यंत मोजून झाला. पश्चिमेकडे धुके हलत नव्हते. नऊ वाजून दहा मिनिटांनी जयंत गाडी घेऊन आला. त्याला आणि त्याच्या बायकोला मीच शालिनीताईंकडे जेवायला बोलावले होते. मी काकांना सांगितले की तुम्ही थांबा, धुके उठले तर पाहा. दुर्बीण माझ्या गळ्यात होती आणि मी ती बरोबर घेऊन गेले. हे विसरून झाले नाही. गाडीत बसताना माझा हात तिच्यावर होता.

शालिनीताईंकडे पोहोचल्यावर फॉर्म पुरा केला. पश्चिमेचा रकाना तेवढा उरला होता. रेघ मारली असती तर डाबर तक्त्यातून गेली असती आणि सगळ्यांसमोर माझे नाव घेतले गेले नसते. मी शून्य लिहिले. माझ्या विभागात कोणी माप न घेता आकडा लिहिला तर मी त्याला त्याच दिवशी लाइनवरून काढते. मागच्या वर्षी एकाला काढलेही.

जेवण चालू असताना मी फुटाण्यांची गंमत सांगत होते आणि सगळे हसत होते. तेव्हा मागे पाहिले तर काका जाळीच्या दाराबाहेर उभे होते. अकरा किलोमीटर सायकल मारून आले होते, भुवयांवर दव होते. त्यांनी किती ऐकले ते मला माहीत नाही. त्यांनी चिठ्ठी दिली. पावणेअकराला धुके उठले, नाईक पश्चिमेच्या पाण्यावरून उडाले आणि रांगा धरून त्यांच्या डोक्यावरून गव्हाच्या शेतांकडे गेले. पलटणीत तिघातिघांच्या रांगा मोजतात तसे त्यांनी ते मोजले. नाईक २१४, हळदी-कुंकू बदके ३८, चक्रवाक सहा जोड्या. एकवीस फुटाणे आणि वर चार, असेही लिहिले आहे. फॉर्म तेव्हा माझ्यापासून चार हातांवर टेबलावर होता. आकडा बदलायला अर्धे मिनिट लागले असते. पण मग मी तिथे नव्हते हे सांगावे लागले असते, आणि गार्डने फुटाण्यांवर मोजलेला आकडा माझा म्हणून द्यावा लागला असता. मी थँक्यू म्हटले आणि चिठ्ठी डायरीत ठेवली. त्यांना आत बोलावले नाही. जेवलात का, हेही विचारले नाही.

फेब्रुवारीत तुम्ही विचारले तेव्हा चिठ्ठी त्याच डायरीत होती. ज्या पानावर तुमचे पत्र ठेवले, त्याच्या मागच्या पानात.

आज शालिनीताईंना दुरुस्तीचे पत्र टाकले आहे. चिठ्ठी पोस्टाने काकांना पाठवावी असा विचार आहे. आणखी काय करावे ते कळत नाही.

या पत्राखाली लोभाचे काही लिहिण्याचा मला अधिकार वाटत नाही.
वृंदा

---

मिरज, १८ एप्रिल १९९७

चि. वृंदा हीस आशीर्वाद.

पत्र आले तेव्हा मी वाचनालयात निघालो होतो. वाटेत उघडले आणि पारावर बसून पुरे वाचले. पुढे बाकावर गेलो. मंडळींनी विचारले, दिल्लीची काय बातमी. मी म्हणालो, या आठवड्यात पत्र नाही. म्हणजे आता माझ्याही नावावर एक खोटे लागले. पहिले पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते, तेव्हा हेही वाचावे लागेल. उद्या वाचणार आहे. तुझी हरकत असेल तर ती पोहोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

तू लहान आहेस, थंडी होती, असे मी लिहिणार नाही. तू मला ओळखतेस.

चिठ्ठी पोस्टाने पाठवू नकोस. त्यांच्या बायकोच्या हातात दे. आणि शालिनीबाईंना पत्र लिहिल्याने त्या माणसाचे काय भरून आले? त्यांची सही चौपालीवर पडली, शालिनीबाईंच्या दिवाणखान्यात नाही. जिथे पडली तिथे जाऊन उचल.

तुझ्या काकूने विचारले की तू जेवतेस ना. ते तेवढे कळव.
माया आहे, म्हणूनच हे पत्र एवढे लहान आहे.
तात्यासाहेब

---

गुडगाव, २८ एप्रिल १९९७

ती. तात्यासाहेबांस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

जेवते.

काल रविवारी डाबरखेड्याला गेले. बसने गेले. पार्वतीकाकू अंगणात गोवऱ्यांवर पाणी तापवत होत्या. मी चिठ्ठी दिली. त्यांना अक्षरे येत नाहीत पण आकडे येतात. २१४ वर त्यांनी बोट ठेवले आणि काकांकडे पाहून म्हणाल्या की एवढे तर आपल्या अख्ख्या वाडीत लोक नाहीत. मी माफी मागितली तेव्हा काकांनी मला खाटेवर बसायला सांगितले आणि चहाला किती साखर लागते ते विचारले. फॉर्मॅलिटी म्हणजे काय असते, ते आता कळले, एवढेच म्हणाले.

मग चौपालीवर गेलो. बारा-पंधरा माणसे होती, हुक्का चालू होता. मी भाषण तयार करून नेले होते, ते आठवले नाही. मी म्हणाले, "ज़ीरो मैंने लिखा था। फौजी साहब ने नहीं। दस्तखत मैंने उनसे पहले ही करवा लिया था।" एका म्हाताऱ्याने विचारले की असे का केले. मी सांगितले की मला जेवायला जायची घाई होती. खरे कारण हिंदीत याहून नेमके सांगता येईना. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. म्हातारा काकांकडे वळला आणि त्याने हुक्क्याची नळी त्यांच्या बाजूला फिरवली. मग पुन्हा म्हशीच्या भावाबद्दल बोलणे सुरू झाले.

आज सकाळी तहसीलमध्ये लेखी अर्ज दिला, त्यावर शिक्का मिळाला. तिथल्या कारकुनाने सांगितले की पश्चिमेची फाइल पंधरा दिवसांपूर्वीच मंजूर होऊन वर गेली. शालिनीताईंचे उत्तर आले. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या पुस्तकात छापतील, आणि माझ्या मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरही खूण करतील, कारण आता त्यांची खात्री देता येत नाही. ते आकडे मी खरोखर मोजले होते. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

काल निघताना काका बसपर्यंत सोडायला आले. कुरडयांची पिशवी दिली आणि विचारले की पुढच्या जानेवारीत सही आधी करायची की नंतर. ते हसून विचारत होते की नाही, ते मला ओळखता आले नाही.

बाकावरच्या मंडळींना माझा नमस्कार, ते घेणार असतील तर.
आपली,
वृंदा

---

गुडगाव, १२ जानेवारी १९९८

ती. तात्यासाहेबांस,
वृंदाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवत आहे. या वर्षी करपला नाही, पण पार्वतीकाकू शेजारी उभ्या होत्या, म्हणून श्रेय माझे नाही.

काल मोजणी झाली. डाबर मला द्यावी की नाही यावर गटात बोलणे झाले. शेवटी ती नरसिंहकाकांच्या नावावर दिली आणि मला त्यांची जोडीदार म्हणून पाठवले. काकांनी मानेसरहून सुटी घेतली होती. पावणेसातला पोहोचलो. दुर्बीण मी त्यांच्या गळ्यात घातली. पट्टा नवीन होता तो त्यांनी दोनदा ओढून पाहिला.

पूर्व काठ ३४१ पक्षी, दहा जाती. साडेआठला संपला. पश्चिमेकडे मागच्यासारखेच धुके होते. आम्ही बांधावर बसून राहिलो. काकांनी फुटाणे काढले आणि थोडे माझ्या डाव्या खिशात टाकले. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि शेवटी खिसे जुळवायचे, असे त्यांनी ठरवले. धुक्यातून पाण्याचा आवाज येत नव्हता. दहाच्या सुमारास मला ट्रकचा आवाज आला. तो काकांना आधीच ऐकू आला असणार, त्यांची मान तिकडेच वळलेली होती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी धुके उठले. पश्चिमेकडे पाणी नाही. लाल मातीचा भराव आहे, गुडघ्याएवढ्या सिमेंटच्या खांबांच्या रांगा आहेत आणि एक पाटी. काकांनी दुर्बीण लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले, मग उलट पाहिले, मग माझ्याकडे दिली. मीही तसेच पाहिले. पाऊण तास आम्ही आकाशाकडेही पाहिले. पूर्वेकडून एक बगळा आला आणि न उतरता परत गेला. तो पूर्वेला मोजला होता.

मी फॉर्म पुढे केला. काकांनी डाव्या खिशावर हात ठेवला. फुटाणे सगळे तिथेच होते. मग म्हणाले, "आता लिहा शून्य."

मी लिहिले. त्यानंतर त्यांनी सही केली, नाव, हुद्दा आणि नंबर. त्यांच्याखाली मी केली. बोटे चालत होती.

फुटाणे आम्ही परत येताना खाल्ले.

मंडळींना हे वाचून दाखवावे. लोभ पूर्वीएवढा नसला तरी चालेल, पण पत्राचे उत्तर यावे.
आपली,
वृंदा